‘नाकु’ म्हणणारी मुलगी

माझे कान फार तिखट आहेत, असा माझा बरीच वर्षं समज होता. बसमध्ये मागच्या बाकावर कोणी दोन वाक्यं बोललं की ते माणूस देवगडचं की वेंगुर्ल्याचं, की घाटावरून खाली उतरलेलं, हे मी मान न वळवता सांगायचे. घाटकोपरला आमच्या चाळीत नवीन भाडेकरू आला की शेजारची वहिनी मुद्दाम मला हाक मारायची, "ये गं, ओळख बघू कुठला ते!" मी ओळखायचे. चुकायचे क्वचित, आणि चुकले तर तो माणूसच आपलं गाव लपवतोय असं ठणकावून सांगायचे. त्याच तिखट कानांनी एकदा माझं नाक कसं कापलं, ती ही हकिगत.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, वडील घरी बसले होते, आणि मी नुकतीच मरोळच्या एका म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत बाई म्हणून लागले होते. घाटकोपरहून बसने जायचं आणि बसनेच यायचं. मला पहिलीचा वर्ग मिळाला. पहिलीचा वर्ग नव्या बाईच्या गळ्यात मारायचा, ही तिथली रीतच होती. वर्गात चाळीसेक मुलं. कोकणातली होती, घाटावरची होती, मरोळच्या जुन्या गावठाणातली होती. एका उत्तर भारतीय सुताराचा मुलगा होता आणि कारखान्यातल्या एका कानडी वॉचमनची मुलगी होती. ही दोघं मराठी शाळेत का, तर ती घराला सगळ्यात जवळची होती म्हणून. आईबापांनी यापलीकडे काही विचार केला असेल असं मला वाटत नाही.

आता माझ्या मनात एक जुनं दुखणं होतं, ते आधीच सांगून टाकते. माझ्या आईचं माहेर गोव्याच्या हद्दीला लागून. आमच्या घरात ‘मला’ नव्हतं, ‘माका’ होतं. ‘नको’ नव्हतं, ‘नाका’ होतं. मी पहिलीत असताना बाईंनी चित्रांचं पुस्तक वर धरून विचारलं, "कोणाला पाहिजे?" मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "माका व्हया!" सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. हसल्या ते ठीक, पण पुस्तक दुसऱ्या मुलीला दिलं आणि मला पाटीवर पन्नास वेळा ‘मला पाहिजे’ लिहायला लावलं. पाटी पुसून पुसून पन्नास वेळा. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून स्वतःचा वर्ग मिळाल्यावर मी ठरवलं, इथे कोणाच्या घरच्या बोलण्याला कोणी हसणार नाही. शेवटच्या तासाला मी एक खेळ सुरू केला. त्याचं नाव ‘घरचा शब्द’. रोज एक वस्तू घ्यायची आणि प्रत्येकाने सांगायचं, तुमच्या घरी हिला काय म्हणतात. मी एका लांब वहीत ते लिहून ठेवायचे. केरसुणी, उशी, मांजर, मीठ, चूल. एका केरसुणीला वर्गात इतकी नावं निघाली की माझी मलाच गंमत वाटली. घरी गेल्यावर जेवताना मी वडिलांना रोज नवे शब्द ऐकवायचे. संपानंतर त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं, पण या वहीपुरते ते ताजेतवाने व्हायचे. "उद्या कढईचं विचार," असं काहीतरी सुचवायचे.

आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हा खेळ अजिबात पसंत नव्हता. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "मुलं घरचं विसरून इथलं शिकायला येतात. तुम्ही त्यांना परत घरी कुठे पाठवताय?" बाई वाईट नव्हत्या. त्यांना वर्षाअखेरीला चाळीस मुलं मराठी वाचताना हवी होती, आणि ती जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती. पण तेव्हा मी तरुण होते आणि मला त्या माझ्या जुन्या बाईंच्या सख्ख्या बहीण वाटल्या. मी मान डोलावली आणि खेळ चालू ठेवला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती मुलगी आली.

शाळेच्या मागे एक मोठी इमारत उठत होती. तिथे बांधकामावर तेलंगणातून आलेली माणसं होती, बायका डोक्यावर घमेली घेऊन परांचीवर चढायच्या. त्यांतल्याच एका जोडप्याची ही सहा वर्षांची मुलगी. तिच्या वडिलांनी तिला आणून सोडली, मोठ्या बाईंच्या टेबलावर अंगठा उठवला आणि लगबगीने कामावर परत गेले. मुलीला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मला तेलुगूचा. ती खिडकीजवळ बसली. तिथून परांची दिसायची, आणि परांचीवर मधूनमधून तिची आई.

आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस खिडकीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. आमचा त्या दिवसाचा शब्द भलताच कुठलातरी होता, पण मी तो सोडून दिला आणि कावळाच धरला. कोकणातली पोरं म्हणाली ‘कावळो’, गावठाणातली म्हणाली ‘कावला’, सुताराचा मुलगा म्हणाला ‘कउवा’, वॉचमनची मुलगी म्हणाली ‘कागे’. मी खिडकीशी गेले आणि नव्या मुलीला कावळ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. तिने कावळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "काकी."

वर्ग फुटला. "बाई, ही कावळ्याला काकी म्हणते!" "बाई, माझी काकी उडत उडत विरारला गेली!" आमच्याकडे हसायचं नाही हा नियम, पण त्या दिवशी मीच हसले, नियम कोणाला सांगणार? ती मुलगी आधी गोंधळली आणि मग तीही हसली. पुढचे कितीतरी दिवस कावळा आला की कोणीतरी ओरडायचं, "काकी आल्या, बसायला द्या!" मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: तेलुगूत काकी म्हणजे कावळा. आपली काकी नव्हे. खाली एक रेघही मारली.

एवढं लिहून ठेवणारी बाई त्याच आठवड्यात काय करून बसली, ते ऐका.

माझ्या वर्गात एक पद्धत होती. रोज सकाळी पाच-सहा मुलांनी फळ्यावर येऊन एकेक अक्षर लिहायचं. फळ्यावर लिहायला मिळणं हा पहिलीतल्या मुलांच्या दृष्टीने केवढा मान असतो! त्यासाठी ती एकमेकांना ढकलायची. ‘मला, मला’ असा एकच कल्ला व्हायचा, म्हणून मी आरडाओरड बंद करून टाकली होती. मुलांनी तोंड मिटून बसायचं, मी रांगेतून फिरत जायचं, खडूने एकेकाकडे बोट करून विचारायचं, "तुला?" ज्याला लिहायचंय त्याने "हो बाई" म्हणायचं. शांत आणि शिस्तीचं काम.

मी खिडकीजवळ आले आणि तिला विचारलं, "तुला?"

ती म्हणाली, "नाकु." आणि मान डावीउजवीकडे हलवली.

मी जागच्या जागी विरघळले. नाका! माझ्या आजोळचा शब्द! ही पोर कोकणातल्या शेजाऱ्यांत राहून आमचा शब्द उचलून आली, शेवटचा आकार तेवढा तिच्या तोंडात उकार झालाय, असं माझ्या तिखट कानांनी क्षणात ठरवून टाकलं. मला भरून आलं. मी वाकून तिच्या गालाला हात लावला आणि वर्गात कधी बोलले नव्हते त्या भाषेत म्हणाले, "नाका गो बाय? बरा, नाका तर नाका." आणि पुढच्या मुलाला खडू दिला.

तिने त्या खडूकडे पाहिलं ते मला दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणणार नाही. नवीन मूल सगळ्याच गोष्टींकडे टक लावून बघतं, असा मी अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी "तुला?" "नाकु." नाका तर नाका. तिसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी मी तितक्याच मायेने हसायचे आणि पुढे जायचे. चहाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा, "मी नाही बाई कोणावर जबरदस्ती करत. एक मुलगी रोज नको म्हणते, मी रोज ऐकून घेते. तयार होईल तेव्हा होईल." एका जुन्या बाईंनी विचारलं, "पण ती नकोच म्हणतेय कशावरून?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी मला माझंच आडनाव विचारलंय. म्हटलं, "अहो, नाका हा आमचाच शब्द आहे. मला कळणार नाही?"

तिसऱ्या आठवड्यानंतर तिने ‘नाकु’ म्हणणंही बंद केलं. मी खडू रोखून विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची. मुलांनी तिचं नाव नाकू पाडलं होतं आणि ती दिसली की पोरं स्वतःच्या नाकाला हात लावायची. त्यावरून मी दोघांना चांगलं खडसावलं. बाकी ती पाटीवर छान लिहायची, तिचा क तर माझ्यापेक्षा गोल होता. पण फळ्याशी येईना, उत्तर देईना, कवितेत सूर मिसळेना. डिसेंबरच्या चाचणीनंतर प्रगतिपुस्तकं भरताना शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘लेखन चांगले. वर्गात भाग घेण्यास नकार देते.’ लिहून पुन्हा वाचलं आणि मला ते अगदी न्यायाचं वाटलं.

संक्रांत दोन-चार दिवसांवर आली होती. शनिवार होता, शाळा अर्धी. मुलं घरी गेली होती, ही तेवढी दाराशी उभी राहिली. म्हटलं, ही का थांबली? इतक्यात तिची आई आली. डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरलेली, कोपरापर्यंत सिमेंट, कडेवर तान्ही मुलगी. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"बाई," ती म्हणाली, "इसका नाम काटो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं, तरी विचारलं, "नाम काटो? क्यों? क्या हुआ?"

"घर में छोटी है. मैं काम पे जाती. ये संभालती."

"ये? ये खुदच अभी छोटी है!" माझा आवाज चढला. "छह साल की लडकी बच्चा संभालेगी? गिराएगी उसको! और इसका अक्षर देखा है तुमने? पूरे क्लास में इतना अच्छा अक्षर किसीका नहीं है."

ती ऐकून घेत होती, पण तिचं आधीच ठरलेलं होतं. बायका ठरवून आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असतो, तो होता. "इधर बैठ के क्या करना बाई," ती म्हणाली. "नाम काटो."

मला खरंच वाईट वाटत होतं. नाव कमी केलं की पोर परत शाळेचं तोंड पाहणार नाही, हे मला दिसत होतं. आज तान्ही, उद्या आणखी एखादं, मग घमेलं. आणि त्याच वेळी मनात आलं, मी यांना काय म्हणून अडवू? मुलगी दोन महिने नाका नाकाच करतेय. प्रगतिपुस्तकातही मीच ते लिहून दिलंय. तरी एक शेवटचा उपाय म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपण किती समजूतदार आहोत ते दाखवायला म्हणूनही, मी म्हणाले, "ठीक है. उसीको पूछते हैं. वो बोलेगी वैसा करेंगे."

मी त्या मुलीसमोर उकिडवी बसले. हाताने वर्ग दाखवला, बाकं दाखवली, फळा दाखवला. आणि विचारलं, "हे सगळं तुला? पाहिजे तुला?"

तिने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.  हळूच म्हणाली, "नाकु." मग एकदम मोठ्याने, "नाकु! नाकु!" मान जोरजोरात डावीउजवीकडे हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी उठले.  "देखो," मी म्हणाले, "वो नकोच बोलती है. मैं क्या करूँ?" टेबलाशी जाऊन हजेरीपट उघडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"कौन नक्को बोला?" आईने विचारलं.

"ये. अभी बोली ना. नाकु."

तिने तान्हीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "नाकु मतलब नक्को नै, बाई. नाकु मतलब मेरेकू. मेरेकू होना, मेरेकू होना, बोल रई वो."

‘मला पाहिजे’ म्हणत होती पोर, आणि हे सांगताना आईचीही मान तशीच डावीउजवीकडे डुलत होती, ते त्यांच्याकडचं ‘हो’ होतं. पेन माझ्या हातात होतं. ते मी कधी खाली ठेवलं ते आठवत नाही. आठवतं ते हे की खिडकीजवळच्या सगळ्या सकाळी माझ्या कानांत उलट्या वाजायला लागल्या. तुला? मला. बरं, नको तर नको. तुला? मला. नको तर नको. रोज. गालाला हात लावून. हसून. आजोळच्या भाषेत. ज्या मुलीने ‘माका’ म्हटलं म्हणून तिला पुस्तक मिळालं नव्हतं, ती मोठी होऊन बाई झाली होती आणि एका मुलीने ‘नाकु’ म्हटलं म्हणून तिला खडू देत नव्हती. माझ्या त्या जुन्या बाई निदान माझं म्हणणं समजल्या तरी होत्या. मला तर तेवढंही जमलं नव्हतं.

आणि ती लांब वही! केरसुणी विचारली, उशी विचारली, कढई वडिलांच्या सांगण्यावरून विचारली. एवढे शब्द गोळा केले आणि कोणाला कधी विचारलं नाही की तुमच्या घरी ‘मला’ला काय म्हणतात. जो शब्द मूल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा वापरतं, तोच वहीत नव्हता.

मी आईला सगळं सांगितलं. जमेल त्या हिंदीत, हातवारे करून, खडू हातात घेऊन, मी कशी विचारायचे आणि ती काय म्हणायची ते करून दाखवलं. म्हटलं, चूक माझी आहे, हिची नाही. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. हसता हसता म्हणाली, "घर पे रोज बोलती थी, अम्मा, मैं मांगती, बाई मेरेकू नै देती. मैं बोली, चुप बैठ. अपने लोगां कू नै देते."

हे ती अगदी सहज बोलली. तक्रार नव्हती त्यात. दुपारी ऊन असतं, परांची उंच असते, तसंच शाळेत आपल्या लोकांना देत नाहीत, एवढंच. प्रगतिपुस्तक तिने कोणाकडून वाचूनही घेतलं नव्हतं. माझ्या शेऱ्यामुळे ती आली नव्हतीच. जिथे आपल्या मुलीला मागूनही मिळत नाही, तिथे तिला बसवून ठेवण्यापेक्षा घरी उपयोग तरी होईल, असा तिने हिशोब केला होता. माझ्या आयुष्यात मला बरंच काही बोललं गेलंय, पण त्या हसण्याइतकं काही लागलेलं नाही.

आईने वाकून मुलीला तेलुगूत समजावलं. बाईला कळलंच नव्हतं, असं काहीतरी असावं. मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे नीट, बराच वेळ बघत होती, एवढ्या मोठ्या बाईला ‘मला’ कळत नाही हे तिला पटत नसावं.

मग आई म्हणाली, "तो मराठी में क्या बोलने का? सिखाओ उसकू."

मी भारावलेली होते. म्हणाले, "नहीं. उसको बदलने का नहीं. मेरे क्लास में वो नाकुच बोलेगी. अब मैं सीख गई ना."

ती हसायची थांबली. "तुम सीखा," ती म्हणाली. "दूसरी बाई आयेगी तो?"

 मोठ्या बाई जूनपासून जे मला समजावत होत्या, ते या बाईने हातात चुंबळ धरून एका वाक्यात सांगितलं. मी परत उकिडवी बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "मला." तिने ओठ हलवले, आवाज आला नाही. "मला," मी पुन्हा म्हटलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. 

नाव कमी करण्याचं काय, ते मी विचारलं. आईने कडेवरच्या तान्हीकडे पाहिलं. मी म्हटलं, तिलाही घेऊन येऊ दे. चटईवर ठेवू, माझ्या टेबलाशेजारी, मी बघेन. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "देखती," आणि दोन्ही मुलींना घेऊन निघून गेली. ‘देखती’ म्हणजे हो की नाही, ते ओळखायची माझी हिंमत उरली नव्हती.

रविवारभर मला चैन पडेना. वडिलांनी जेवताना विचारलं, "आज काय शब्द?" मी सगळं सांगितलं. ते भात कालवायचे थांबले. मग म्हणाले, "वहीत लिही." मी उठून लिहिलं.

सोमवारी मी घंटेच्या आधी अर्धा तास शाळेत पोचले आणि सरळ मोठ्या बाईंकडे गेले. शेरा बदलायचाय म्हटलं. "शाईत लिहिलेला शेरा खोडायचा नसतो," त्या म्हणाल्या. का बदलायचाय, ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कपाटातून कोरं प्रगतिपुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं: ‘लेखन चांगले. मागते. नीट ऐकावे.’ त्यांनी ते वाचून सही केली. तान्हीचं मी त्यांना सांगितलंच नाही. आली तर बघू, म्हटलं.

प्रार्थना झाली. ती आली नाही. हजेरी झाली. तिच्या नावाशी मी थांबले, रकाना रिकामा ठेवला आणि पुढे गेले. मग दारात सावली पडली. ती उभी होती, बहिणीला कडेवर घेऊन, एका बाजूला पूर्ण वाकलेली. मी धावत जाऊन तान्हीला घेतलं. वर्ग उठून बाळ बघायला गोळा झाला, दहा मिनिटं कोणी माझं ऐकेना.

बाळाला चटईवर ठेवलं, मुलं बसली, आणि मी खडू घेतला. त्या दिवशी मी रांगेतून फिरले नाही. सरळ खिडकीपाशी गेले.

"तुला?"

ती उभी राहिली. दोन्ही हात मागे बांधलेले. म्हणाली, "नाकु-मला."

दोन्ही शब्द, जोडून, एका दमात. एक चुकला तर दुसरा तरी लागावा म्हणून. वर्गात कोणी हसलं नाही आणि मला रडू आवरेना. मी खडू तिच्या हातात दिला आणि तिने फळ्यावर जाऊन मोठा क काढला.

ती इमारत पुरी होईपर्यंत, म्हणजे दुसरीचं अर्धं वर्ष होईपर्यंत, ती आमच्या शाळेत होती. मराठी इतकी फाडफाड बोलायला लागली की वर्गातल्या मालवणी पोरांना उलट उत्तरं द्यायची. पण काही मागायचं झालं की शेवटच्या दिवसापर्यंत ती ‘नाकु-मला’ असंच म्हणायची. आणि मी वस्तू पुढे केली तरी लगेच घ्यायची नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मला कळलंय ना याची खात्री करून घ्यायची, आणि मगच हात पुढे करायची.